बंद न होणारी फाइल

आमच्या कारखान्यात कामगारांचा सामूहिक आरोग्य विमा सुरू झाला, तेव्हा पहिल्या वर्षीच्या यादीत एकाच्या बायकोचं नाव होतं पण जन्मतारीख नव्हती, आणि दुसऱ्याच्या मुलाची जन्मतारीख होती पण नाव नव्हतं. दोघांनाही दवाखान्यातून परत पाठवलं आणि दोन्ही फोन माझ्या टेबलावर आले. यादी अर्धवट असेल तर ती कुणालाच सेव्ह करता येता कामा नये, असं मी त्या दिवशी ठरवलं.

कारखाना तलासरीच्या अलीकडे, हायवेला लागून. आम्ही पुठ्ठ्याची खोकी करतो. घोलवडच्या चिकूला लागणारी खोकी हे आमचं मोठं काम, बाकी वापीकडच्या लहानमोठ्या ऑर्डरी. मी डहाणूहून जाऊन-येऊन करते आणि ऑफिस सांभाळते. ऑफिस सांभाळणं म्हणजे पगार, हजेरी, विमा, आग विझवायच्या नळकांड्यांच्या मुदती, पाण्याच्या टाकीची सफाई आणि ज्याला दुसरं कुणी हात लावत नाही ते सगळं. प्रत्येकाची यादी आहे आणि प्रत्येक यादीवर तारीख आहे. घरचे मला हसतात. पण गॅस कधी संपणार हे विचारायला माझ्याकडेच येतात.

मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या फाइलमध्ये आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, मी व्हिडिओ बघून शिकले. कुठल्याशा बाईंनी फार शांतपणे समजावलं होतं, मी वहीत उतरवून घेतलं आणि रविवारच्या दुपारी घालवून जमवलं. सेव्ह दाबलं, किंवा फाइल बंद करायला गेलं, की आधी मॅक्रो धावतो. प्रत्येक ओळ तपासतो. कामगाराचं नाव आहे पण पाड्याचं नाव नाही, मूल आहे पण जन्मतारीख नाही, असं काही सापडलं की तो रकाना लाल होतो. पडद्याच्या मधोमध पाटी येते, कुठल्या ओळीत काय राहिलं आहे ते सांगते, आणि सेव्ह रद्द होतं. बंद करणंही रद्द. समोरच्या माणसाने रकाना भरायचा, नाहीतर बसून राहायचं.

त्यात पहिली अडकले ती मीच. कोरा नमुना तयार केला, सेव्ह करायला गेले, तर मॅक्रोने मलाच सांगितलं की सगळे रकाने रिकामे आहेत. आता कोरा नमुना कोराच असणार. शेवटी मॅक्रो लिहायच्या आतल्या खिडकीत जाऊन तपासणी तेवढ्यापुरती बंद केली, नमुना ठेवला आणि तपासणी परत चालू केली. मग दुसरी पळवाट दिसली. फाइल उघडल्यावर वर पिवळी पट्टी येते, तिथे परवानगी दिलीच नाही तर मॅक्रो चालतच नाही. म्हणून मी यादीची सगळी पानं लपवून ठेवली. परवानगी दिली तरच ती उघडायची, नाहीतर एकच पान दिसायचं, त्यावर परवानगी कुठे द्यायची ते लिहिलेलं. हे काम झालं तेव्हा मला कुलूप लावून वर हाताने ओढून बघितल्यासारखं समाधान वाटलं.

यादी भरायची होती आमच्या हजेरीच्या कारकुनाने. हे गृहस्थ तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यांतले, पन्नाशीला आलेले, माझ्याही आधीपासून कारखान्यात. अर्धे कामगार त्यांच्याच बाजूचे. सगळ्यांची आधारकार्डं त्यांच्या कपाटात, सगळ्यांची भांडणं त्यांच्या टेबलाशी. त्यांच्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती, आणि ज्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नसते त्याची मला आधी शंका येते.

पहिल्याच आठवड्यात मला रिकाम्या रकान्यांत टिंबं सापडली. एक टिंब टाकलं की मॅक्रोला वाटायचं, भरलंय. मी टिंब चालणार नाही असा नियम घातला. मग आडव्या रेघा आल्या. त्या बंद केल्या तर नुसती स्पेस आली, दिसायला रिकामं, मॅक्रोला भरलेलं. तीही बंद केली.

"मॅडम, तुमचा हा वॉचमन गेटवरच्यापेक्षा कडक आहे," ते म्हणाले.

"गेटवरचा झोपतो, भाऊ."

"हा झोपत नाही ते बरं आहे. पण संध्याकाळी मला घरी जाऊ देत नाही. काल माझी शेवटची इको गाडी सुटली."

मी म्हटलं, रकाने भरा, इको मिळेल. ते हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

विमा कंपनीच्या नमुन्यात बायकोच्या नावासमोर लग्नाची तारीख लागायची. एकदा तिथे बायकोची जन्मतारीख पडलेली मी पकडली होती. म्हणून त्या वर्षी मी माझ्याकडून एक नियम वाढवला: लग्नाची तारीख ही पहिल्या मुलाच्या जन्माआधीची हवी. नसेल तर दोन्ही रकाने लाल. चूक पकडायला याहून सोपी युक्ती नाही असं मला वाटलं होतं, आणि मी तो नियम मॅक्रोमध्ये घालताना मागेपुढे पाहिलं नाही.

मार्चमध्ये यादी ठरलेल्या मुदतीत आली. एकही रकाना लाल नाही, एकही शंका विचारलेली नाही. एवढ्या कामगारांच्या कुटुंबांची माहिती, आणि कारकुनाने मला एकदाही हाक मारली नाही. स्वच्छ यादी म्हणजे कुणीतरी झाडून काढलेली यादी, हे मला तेव्हाच वाटून गेलं. पण मुदतीचा शेवटचा दिवस होता. मी ती पाठवली.

पावसाळा संपून भातकापणी चालू झाली होती तेव्हा वापीच्या एका दवाखान्यातून फोन आला. काउंटरवरची मुलगी हिंदीत बोलत होती. आमच्या एका कामगाराची बायको मुलीला घेऊन आली आहे, कानाच्या पडद्याचं ऑपरेशन करायचं आहे, विम्याचं कार्ड आहे. कार्डावर मुलीचं वय दोन वर्षं आहे. "और यहाँ जो लड़की खड़ी है, मॅडम, वो तो चौथी में पढ़ती है."

मी विचारलं, नीट बघितलंत का. ती म्हणाली, दोन वर्षांच्या मुलीने माझ्याकडे पेन मागितलं असतं का.

त्यांनी त्या दोघींना परत पाठवलं. दुसऱ्याच्या मुलीला आपल्या कार्डावर आणल्याचा संशय आहे, असं विमा कंपनीला कळवणं त्यांना भाग होतं. त्यांनी कळवलंही. संध्याकाळपर्यंत कंपनीचा मेल शेठच्या हातात होता.

शेठ घरी गुजराती आणि कारखान्यात सगळंच बोलतात. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि आवाज न चढवता सांगितलं की एक खोटं निघालं तर कंपनी पुढच्या वर्षी आपला विमा करणार नाही, सगळे उघड्यावर येतील. "बेन, भावाची पोरगी घेऊन गेला असेल. पुढच्या शनिवारपर्यंत बघा. खोटं असेल तर माणूस जाईल. मी ठेवणार नाही."

तो कामगार खोक्यांच्या शिलाई मशीनवर होता. पुठ्ठ्याला तारेचे टाके मारायचं काम, बोटांकडे लक्ष ठेवून करायचं. मी त्याला जेवणाच्या सुट्टीत विचारलं, मुलगी कुणाची. तो म्हणाला, माझीच आहे. वय विचारलं तर म्हणाला, शाळेत आहे. जन्मतारीख विचारली तर म्हणाला, कारकुनाकडे कागद दिलेत सगळे. मी म्हटलं, तुमच्या यादीत ती दोन वर्षांची कशी? तो डबा झाकून मशीनकडे निघून गेला. खरं बोलणारा माणूस असा गप्प का होईल, हा प्रश्न मी घेऊन बसले.

दुपारी यादी उघडली. त्याची ओळ बघितली आणि जे मार्चमध्ये दिसायला हवं होतं ते दिसलं. त्याला दोन मुलं. मोठी मुलगी आणि तिच्या मागे मुलगा. दोघांच्या जन्मतारखांत अंतर जेमतेम पाच महिन्यांचं. मॅक्रोला यात काहीच गैर वाटलं नव्हतं, कारण दोन्ही तारखा लग्नानंतरच्या होत्या.

मी त्याच्या पाड्याच्या नावाने फिल्टर लावून तिथल्या बाकीच्या ओळी काढल्या. त्या पाड्यातल्या बहुतेक कामगारांची लग्नाची तारीख एकच. शेजारच्या पाड्यातल्या काहींचीही तीच. आणि त्या सगळ्यांची पहिली मुलं लग्नानंतर साधारण दहाव्या महिन्यात जन्मलेली, जणू सगळ्यांनी ठरवून केलं.  एक्सेलमध्ये एक रकाना भरून खाली ओढला की तीच तारीख उतरत जाते, हे कुणालाही माहीत असतं. मी मनात आख्खी गोष्ट रचली. कारकुनाने खोटी कुटुंबं उभी केली, कार्डं काढली, ती कार्डं कुणाकुणाला वापरायला दिली. म्हणून तर कुणाची तक्रार नाही. हसण्याचाही अर्थ लागला.

मग मी कारकुनाची स्वतःची ओळ बघितली. त्यांच्या लग्नाची तारीख वेगळी आणि बरीच जुनी होती, पण थोरल्या मुलाची जन्मतारीख तिथेही दहा महिन्यांनीच पडत होती. त्यांचा मुलगा मी पाहिलेला होता. दाढी करणारा, ट्रक चालवणारा. यादीप्रमाणे तो अजून शाळेत असायला हवा होता.

इथे गोष्ट अडली. माणूस दुसऱ्यांचं खोटं कार्ड विकेल, पण स्वतःच्या मोठ्या झालेल्या मुलाला, ज्याला विम्यात घेताच येत नाही, त्याला लहान करून कशाला ठेवेल? पंचविशीच्या पुढचा मुलगा यादीत नको, एवढं तर त्यांना माहीत होतं.  त्यांना विचारलं असतं तर त्यांनी तयारी केली असती. म्हणून विचारलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी स्कूटर काढली. यादीचं ते पान छापून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घेतलं, पेन घेतलं, पाण्याची बाटली घेतली. पाडा हायवेपासून बराच आत. शेवटचा तुकडा चालत जावा लागला. भात कापून पसरलेलं होतं आणि बांधाबांधावरून बाया भारे उचलून आणत होत्या. एकीला त्या कामगाराचं घर विचारलं. तिने सांगितलं आणि माझ्या मागेच निघाली, भारा डोक्यावर ठेवून. वय झालेली बाई होती, पण माझ्यापेक्षा भराभर चालत होती.

कामगार घरी नव्हता, दुसऱ्याच्या शेतावर गेला होता. त्याची बायको अंगणात होती. मी ऑफिसमधून आले म्हटल्यावर तिने हात पुसले, खुर्ची आणली, आणि मग जरा दूर उभी राहिली. मुलगी दारात बसून काहीतरी सोलत होती. आईने हाक मारली, तिने वर बघितलं नाही. आई जवळ जाऊन तिच्या उजव्या बाजूला वाकून बोलली, तेव्हा ती उठली. डाव्या कानात कापसाचा बोळा होता. माझ्यासमोर उभी राहिली ती मान वळवून, उजवा कान माझ्याकडे करून, जसं आपण ऊन चुकवायला तोंड फिरवतो तसं.

दोन वर्षांची नव्हती हे उघडच होतं. आता प्रश्न एवढाच होता की ती कुणाची.

मी थेट विचारलं. तिची आई म्हणाली, माझी. मी कागद काढला आणि लग्नाची तारीख वाचून दाखवली. बरोबर आहे का? हो म्हणाली, तेच लगीन. मी म्हटलं, मग ही मुलगी त्याच्या आधीची आहे.

"आधीचीच ना," ती म्हणाली. "लगीन मागून केलं."

मी पेन हातात धरून बसले होते. भारा घेऊन आलेली म्हातारी आता ओट्यावर टेकली होती. तिने मला समजावल्यासारखं सांगितलं की आधी एकत्र राहतात, घर करतात, पोरं होतात. लग्नाला जेवण घालावं लागतं, ते जमेल तेव्हा जमेल. फक्त पोरांचं लग्न निघायच्या आधी आईबापाचं उरकलं पाहिजे, नाहीतर चालत नाही.

"माझं माझ्या थोरल्याच्या मांडवात झालं," म्हातारी म्हणाली. "एक मांडव, दोन नवऱ्या. सून लाजत होती, मी नाय लाजले. जेवण तेवढं एकच घातलं."

"तिनं सुनेपेक्षा जास्त खाल्लं," मुलीची आई म्हणाली.

"नवरी होते मी. नवरीला कोण नाय म्हणणार?"

दोघी हसल्या. मला हसावं की नाही कळेना. माझ्या नियमाप्रमाणे त्या म्हातारीला मुलगा असणंच शक्य नव्हतं.

लग्नाची तारीख सगळ्यांची एकच कशी, याचंही उत्तर साधं होतं. तलासरीला सामूहिक लग्नं लावून दिली होती. आजूबाजूच्या पाड्यांतली जोडपी एका दिवशी, एका मैदानावर. मोठा लाऊडस्पीकर, मोठं जेवण, शेवटी प्रत्येकाला दाखला. तिने आतून पत्र्याची पेटी आणली आणि तिच्यातून फोटो काढला. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला होता. मी तो उन्हाकडे धरून बघितला. तो कामगार आणि ती, दोघं मुंडावळ्या बांधून, हात जोडून. दोघांच्या मधे, पुढे, पांढऱ्या फ्रॉकमध्ये एक मुलगी. तेव्हाही तिने मान वळवलेली होती. फोटोवाल्याकडे उजवा कान.

मी फोटो परत दिला आणि लगेच परत मागून घेतला. मोबाइलने त्याचा फोटो काढला, दाखल्याचा काढला, मुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकाचा काढला. ती सगळं देत होती, पण बघत होती. शेवटी म्हणाली, "दवाखान्यात बोलले, दुसऱ्याची पोर आणली. तुम्हालापण तेच वाटलं ना?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला वेळ नव्हता. तिने मान हलवली आणि मला कोरा चहा दिला.

दुसऱ्या दिवशी कारकुनाला बोलावलं. दार लावून घेतलं आणि त्यांच्यासमोर यादी उघडून ती पाच महिन्यांच्या अंतराची भावंडं दाखवली. मला वाटलं, ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "मॅडम, मी आधी खरं लिहिलं होतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी मध्ये न बोलता ऐकलं. कामगारांनी दिलेल्या कागदांवरून त्यांनी सगळ्या तारखा बरोबर भरल्या होत्या. सेव्ह दाबलं. अर्धी यादी लाल झाली. पाटी आली की लग्नाची तारीख मुलाच्या जन्मानंतरची आहे. सेव्ह होईना, फाइल बंद होईना, दिवसभराचं काम तसंच लटकलेलं, आणि मुदत संपत आलेली. लग्नाची तारीख बदलता येत नव्हती, कारण दाखला सरकारी होता आणि त्याची प्रत सोबत जायची होती. मग उरल्या पोरांच्या तारखा. त्यांनी लग्नात दहा महिने मिळवले आणि लाल रकाने एक एक करून पांढरे केले. स्वतःची ओळ त्यांनी फक्त आधी करून बघायला भरली होती, हे असं चालतं का म्हणून. नंतर ती काढायची राहून गेली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही पुरावा मागितला असता."

"मागितलाच असता."

"कशाचा, मॅडम? पोरं आधी झाली याचा? आणि मग ऑफिसात बसून सगळे हसले असते. शेठ, ड्रायव्हर, सगळे." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझ्या आईचं लगीन झालं तेव्हा मी सातवीत होतो. मी वाजंत्र्याच्या पुढे नाचलो. आता हे मी तुम्हाला एक्सेलमध्ये कुठल्या रकान्यात लिहू?"

मी त्यांच्यासमोरच आतली खिडकी उघडली, तो नियम काढून टाकला. फाइल सेव्ह केली. मग म्हटलं, सगळ्यांचे कागद काढा, एक एक तारीख वाचा, मी भरते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही तेच केलं. ते वाचत होते, मी भरत होते, आणि प्रत्येक तारीख मी कागद हातात घेऊन पुन्हा बघत होते.  त्यांना ते कळत होतं.

शेठला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले की छोकरी तर बापावर गेली आहे. माणूस राहिला. कारकुनाबद्दल त्यांचं मत वेगळं होतं. खोटं लिहिलं ते लिहिलंच. मी म्हटलं, खरं लिहिलेलं माझी फाइल घेत नव्हती, आणि ती फाइल मी केली आहे. त्यावर शेठ म्हणाले, मग दोघांनी मिळून कंपनीला समजवा, मला नको.

कंपनीला समजवणं हा वेगळाच प्रकार निघाला. दुरुस्तीची यादी पाठवली त्याच दिवशी त्यांच्या माणसाचा फोन आला. तरुण आवाज, अतिशय नम्र. त्याने विचारलं, एकाच दिवशी इतक्या मुलांच्या जन्मतारखा कशा बदलल्या? संशयाची केस उघडल्यानंतरच का? सगळ्या बदलांत मुलं मोठीच कशी झाली, एकही लहान का नाही झालं? त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं, याच क्रमाने. मी सरळ सांगायला लागले.  दुसऱ्या वाक्यानंतर त्याने विचारलं की हे लेखी देता येईल का. मी म्हटलं, देते. तो म्हणाला, तरीपण आमच्या सिस्टिमला आई-वडिलांच्या लग्नाआधीचं मूल चालतं का ते बघावं लागेल.

"बघा," मी म्हटलं. "नसेल चालत तर सिस्टिम कुणी केली त्याचं नाव मला द्या."

बाकीच्यांच्या तारखा मंजूर व्हायला पुष्कळ वेळ गेला, एकेकाचा दाखला मागून मागून. पण मुलीचं काम मी वेगळं काढलं. शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीतला जन्माचा दाखला, लग्नाचा फोटो, लग्नाचा दाखला, सगळं एका पत्राला जोडून पाठवलं आणि रोज सकाळी ऑफिसात शिरल्यावर पहिला फोन त्या नम्र मुलाला केला. शेवटी तो माझा आवाज ऐकला की "मॅडम, अजून नाही" एवढंच म्हणायचा. ज्या दिवशी त्याने दुसरं काही म्हटलं, त्या दिवशी मी शिलाई मशीनपाशी जाऊन उभी राहिले. तो कामगार मशीन थांबवेपर्यंत थांबले आणि त्याला तारीख सांगितली. त्याने ती परत म्हणून दाखवली.

ऑपरेशन झालं. महिनाभर पट्टी, मग आतला बोळा, मग थेंब. कारकून मध्ये मध्ये खबर द्यायचे. त्यांच्यावर माझा विश्वास बसला असं काही झालं नाही. त्यांच्या याद्या मी अजून दोनदा बघते, आणि आता तेही मला एकदा विचारतात की या वर्षी नवीन नियम कुठला घातलाय.

थंडी सरत आली असताना मुलीची आई तिला तपासायला वापीला घेऊन गेली होती. परत येताना दोघी कारखान्यात थांबल्या. आई थेट माझ्याकडे आली. डॉक्टर बरं म्हणतात, मशीन लावून तपासलं, ती म्हणाली. पोरगीपण म्हणते ऐकू येतं. मग तिने आवाज खाली आणला.

"पण ती खरं बोलते का? मला बरं वाटावं म्हणून म्हणते, असं वाटतं मला. आधीपण म्हणायची, ऐकू येतं, ऐकू येतं, आणि तोंडाकडे बघून समजून घ्यायची. डॉक्टरकडे काय, ते बटण दाबायला सांगतात. ती कधीपण दाबेल."

ही शंका मला फार योग्य वाटली. मुलगी बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती, खोक्यांची गाडी भरताना बघत. मी आईला सांगितलं, तिच्या शेजारी बस, आणि गंमत केल्यासारखं करून तिचा उजवा कान तळहाताने घट्ट दाबून धर. तिने धरला. मुलगी हसून सुटायला बघत होती, आईने सोडलं नाही. मी मागच्या दाराने आले आणि तिच्या पाठीमागे, काही पावलांवर उभी राहिले. सावली पडणार नाही हे बघितलं. मशिनं दोन मिनिटं बंद ठेवायला सांगितली होती, ती बंद झाल्यावर, कुणाशी खाजगी बोलावं तसं अगदी हळू म्हटलं, "उद्या शाळेला सुट्टी आहे म्हणे."

तिचे पाय हलायचे थांबले.

"कशाची?" तिने विचारलं, आणि डाव्या बाजूने मागे वळली.